आयोला ताप कुठून आला?



आपला चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. गुरूचा आयो नावाचा चंद्र गुरूपासून सुमारे ४ लाख २२ हजार किलोमीटरवर. आकारानेही दोघे जवळपास सारखे. पण आपल्या चंद्राला एका फेरीला सव्वासत्तावीस दिवस लागतात, आयो ती साडेबेचाळीस तासांत उरकतो! गुरूचं वस्तुमान ३१८ पृथ्व्यांइतकं. त्याच्या इतक्या जवळ टिकायचं तर धावावंच लागतं. गुरूचं वस्तुमान काढता येतं तेही अशाच फेऱ्यांच्या वेळेवरून.

एवढासा गोळा आपल्या चंद्रासारखा केव्हाच निवायला हवा होता. पण आयोवर चारशेच्या आसपास जागृत ज्वालामुखी आहेत. ही उष्णता सूर्याची नव्हे. तिथे पोहोचणारं ऊन आपल्या पंचविसाव्या हिश्शाइतकंही नसतं. ती येते भरती-ओहोटीतून, आणि तीही पाण्याच्या नव्हे, खडकाच्या! आयोची कक्षा किंचित लांबट आहे. गुरूच्या जवळ आला की तो जास्त ताणला जातो, दूर गेला की सैलावतो. जमीन शंभर मीटरपर्यंत वरखाली होते. तार पुढेमागे वाकवत राहिलं की तापते, तसंच हे.

अशा घर्षणाने कक्षा हळूहळू गोल होऊन हा प्रकार थांबायला हवा. गुरूचेच शेजारचे चंद्र युरोपा आणि गॅनिमिड तसं होऊ देत नाहीत. युरोपाची एक फेरी होते तोवर आयोच्या दोन होतात, गॅनिमिडच्या एका फेरीत चार. त्यामुळे ठरावीक जागी पुन्हा पुन्हा ओढ बसते आणि कक्षा लांबटच राहते.

फेऱ्यांचं हे नातं गणितज्ञ लाप्लासने अठराव्या शतकातच अभ्यासलं होतं. त्यावरून उष्णतेचा हिशेब मांडला पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघा शास्त्रज्ञांनी. आयोचं अंतरंग बरंचसं वितळलेलं असावं, असं सांगणारा त्यांचा लेख २ मार्च १९७९ला छापून आला. ५ मार्चला व्हॉयेजर-१ यान आयोजवळून गेलं. त्याच्या ८ मार्चच्या छायाचित्रात मोहिमेतल्या लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवर उसळलेला प्रचंड ढग दिसला. तो ज्वालामुखीचा होता. भाकितं खरी ठरायला कधी कधी पिढ्या जातात. इथे आठवडा पुरला. मला तर या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत आवडते.

या उष्णतेचा खर्च भागवतो गुरूच. दहा तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेणाऱ्या या ग्रहाच्या फिरण्यातली ऊर्जा अगदी हळूहळू आयोकडे जाते, काही युरोपाकडेही. त्या उबेनेच युरोपाच्या बर्फाखालचा समुद्र गोठायचा राहिला असावा. त्याच्या तपासासाठी निघालेलं युरोपा क्लिपर यान २०३०मध्ये गुरूपाशी पोहोचणं अपेक्षित आहे.