पंचविशीची पैलवान
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जपानी बायकांच्या कुस्तीवर बोलणार म्हटल्यावर आयोजकांपैकी एकीने विचारलं, "कुस्ती? आणि तीही नुरा?" प्रश्न रास्त आहे. ही आपली मातीतली कुस्ती नव्हे. दोऱ्या बांधलेल्या चौकोनी रिंगणात, तिकीट लावून चालणारा हा धंदा आहे. कोण जिंकणार हे बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. पण उंचावरून पाठीवर पडणं खरं असतं, मोडलेलं हाड खरं असतं आणि पगार थकला तर तोही खराच थकतो. म्हणून मी हा विषय बाईच्या श्रमाचा समजून मांडते आहे.

२० नोव्हेंबर १९९४. टोकियो डोम हे बेसबॉलचं प्रचंड बंदिस्त मैदान. तिथे फक्त बायकांच्या कुस्त्यांचा कार्यक्रम झाला. आयोजकांनी जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा ४२,५००. वीसहून जास्त लढती, एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या अनेक कंपन्यांच्या मल्ल एकाच रिंगणात, आणि दुपारी सुरू झालेला खेळ संपायला मध्यरात्र झाली. बुल नाकानोने त्या दिवशी अमेरिकन कंपनीचा अजिंक्यपदाचा पट्टा जिंकला. मुख्य स्पर्धेच्या अंतिम लढतीत आकिरा होकुतोने आजा काँगला हरवलं. आजा काँग म्हणजे जपानी आई आणि अमेरिकन सैन्यातला कृष्णवर्णीय बाप यांची मुलगी. एकजिनसी असल्याचा अभिमान मिरवणाऱ्या त्या समाजात ती अजिंक्यवीर झाली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

होकुतो तेव्हा २७ वर्षांची होती, नाकानो २६ वर्षांची. हे आकडे मुद्दाम सांगते, कारण त्याच्या काही वर्षं आधी या वयाला त्यांना रिंगणात उभंही राहू दिलं नसतं.

हा धंदा ज्या कंपनीने वाढवला ती 'ऑल जपान विमेन्स'. मात्सुनागा नावाच्या भावांनी ती १९६८ साली काढली. मल्ल बायका, मालक पुरुष. १९७६ साली त्यांनी जॅकी सातो आणि माकी उएदा या तरुणींची जोडी जमवली. त्या कुस्ती खेळत आणि रिंगणात गाणीही म्हणत. शाळकरी मुलींची झुंबड उडाली. १९८०च्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका या जोडीने तर कहर केला. टीव्हीवरच्या कार्यक्रमात आजही दिसतं, पुढच्या रांगांत गणवेशाच्या वयाच्या मुली रडताहेत, घसा फुटेस्तोवर ओरडताहेत. हळू बोल, हसताना तोंडावर हात धर असं ज्यांना घरी शिकवलं जात होतं, त्या मुलींना इथे आरडाओरडा करायची मुभा होती. हे मी हलकं लेखत नाही. आपल्याकडे मुलींना अशी जागा कुठे आहे? (भजनी मंडळ सोडून, असं कोणी म्हणेल. तेही खरं आहे.)

आता पडद्यामागे येऊ. या मल्लांना तीन गोष्टींची बंदी होती: दारू, तंबाखू आणि पुरुष. आणि पंचविशीला निवृत्ती. चिगुसा १९८९ साली निवृत्त झाली तेव्हा ती २४ वर्षांची होती. पुढे काय? लग्न. ज्या मुलीच्या अंगात पुरुषाला उचलून आपटायची ताकद आहे, तिच्याही आयुष्याचं वेळापत्रक कारकुनी करणाऱ्या मुलीचंच होतं. जपानमध्ये लग्न झालं की राजीनामा द्यायचा, असा करार अनेक कंपन्या बायकांकडून करून घेत. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने १९६६ साली एका सिमेंट कंपनीच्या खटल्यात तो बेकायदा ठरवला. समान संधीचा कायदा यायला १९८५ साल उजाडलं. आपणही हसायचं कारण नाही. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा पहिल्या गरोदरपणात नोकरी जाण्याचा नियम रद्द झाला, पण पस्तिशीतल्या निवृत्तीला न्यायालयाने हात लावला नाही. तरुण शरीर भाड्याने घ्यायचं आणि मुदत संपली की परत करायचं, हा हिशेब तिकडेही तोच, इकडेही तोच.

१९८५च्या ऑगस्टमध्ये ओसाकाला चिगुसा आणि डंप मात्सुमोतो यांच्यात केसांची पैज लागली. डंप ही खलनायिका, चेहरा रंगवलेली, हातात साखळी. चिगुसा हरली आणि भर रिंगणात तिचे केस यंत्राने कापले गेले. प्रेक्षकांतल्या मुली हंबरडा फोडून रडत होत्या. केशवपनाचा इतिहास असलेल्या आपल्यासारख्या बायांना ते दृश्य पाहताना पोटात कालवतं. पुढच्या वर्षी चिगुसा जिंकली आणि डंपचे केस गेले, म्हणजे खेळाच्या दृष्टीने फिटंफाट. माझं मन मात्र फिटंफाट मानायला तयार होत नाही. दोन्ही वेळा गल्ला एकाच पेटीत गेला.

आणि दुखापती. एप्रिल १९८७मध्ये होकुतोची मान मोडली. ती १९ वर्षांची होती. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं सावरून धरलं आणि लढत पूर्ण केली. ही गोष्ट तिच्या शौर्याची म्हणून सांगितली जाते. मी विचारते, लढत थांबवायची जबाबदारी कोणाची होती? ऑगस्ट १९९७मध्ये प्लम मारिको ही दुसऱ्या एका कंपनीची मल्ल हिरोशिमाच्या लढतीत जखमी होऊन दगावली. त्याच वर्षी मात्सुनागांची कंपनी कर्जात बुडाली, पगार थकले आणि एकामागून एक मल्ल सोडून गेल्या. टोकियो डोमच्या त्या रात्रीला तीन वर्षंही झाली नव्हती.

तुम्ही म्हणाल, मालक पुरुष होते म्हणून असं झालं. इथेच मला खरं बोलायचं आहे. चिगुसा १९९३ साली परत आली, तिने 'गाया जपान' ही स्वतःची कंपनी काढली आणि १९९५ साली पहिला कार्यक्रम केला. किम लाँगिनोटो आणि जानो विल्यम्स या दोघींनी तिथल्या शिकाऊ मुलींवर २००० साली 'गाया गर्ल्स' हा माहितीपट काढला. त्यात सरावामध्ये एका मुलीचं तोंड रक्ताळतं. चिगुसा तिला सर्वांदेखत फैलावर घेते, थोबाडीत मारते. आणि हीच चिगुसा त्या मुलींवर पोटच्या लेकींसारखी माया करते, हेही दिसतं. ती खोटी माया नाही. तिला जसं घडवलं गेलं तसंच ती घडवते आहे.

संस्था बाईच्या हातात आली की रीत आपोआप बदलते का? मी दहा वर्षं संस्थांमध्ये काम करते आहे. "आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा" हे वाक्य मी पुरुष अधिकाऱ्यांकडून जितक्यांदा ऐकलं, जवळजवळ तितक्यांदाच ज्येष्ठ कार्यकर्त्या बायकांकडून ऐकलं आहे. तुटपुंजं मानधन, रजा मागितली की निष्ठेवर शंका, रात्री दहाला वस्तीतून परतणाऱ्या मुलीला रिक्षाचे पैसे नाहीत. हे सगळं मायेच्या नावाखाली चालतं, म्हणून बोलायची पंचाईत होते. मालकाविरुद्ध युनियन काढता येते, ताईविरुद्ध कशी काढायची?

मात्सुनागांची आणि चिगुसाची, दोन्ही कंपन्या २००५ साली बंद पडल्या. चिगुसाबद्दल माझ्या मनात राग कमी आणि कुतूहल जास्त आहे.

आता त्या माहितीपटातला एक भाग बघू. बोलणं जपानी आहे, खाली इंग्रजी अक्षरं येतात. ज्यांना वाचता येत नाहीत त्यांच्या शेजारी कोणीतरी बसा आणि हळू आवाजात सांगत जा. नंतर गट करू. माझी एक विनंती आहे: संस्थाचालक आणि नव्या मुली वेगवेगळ्या गटांत बसाव्यात, आणि बोलायची पहिली पाळी नव्या मुलींची.