वहीतल्या चुका काय सांगतात?

बेळगाव-निपाणीकडचं मराठी शाळेतलं मूल कन्नड लिहायला बसलं, की ‘दे’ म्हणायचं असताना कधीकधी ‘शिंग’ लिहून मोकळं होतं! कन्नडात ए आणि ओ ह्रस्वही आहेत, दीर्घही. ह्रस्व ओचं ‘कोडु’ म्हणजे दे, दीर्घ ओचं म्हणजे शिंग. मराठीत हा भेदच नाही, मग हाताला तो सुचणार कुठून? उलट कन्नड घरातलं मूल मराठीत ‘मी काम केलो’ लिहितं. कारण कन्नडात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. तिकडची मराठी बोलीही तसंच म्हणते, तो भाग वेगळा. विद्यार्थ्याच्या चुका म्हणजे त्याच्या शिकण्याचा पुरावा, असं पिट कॉर्डर या भाषावैज्ञानिकानं १९६७ मध्ये मांडलं होतं. म्हणून नुसत्या लाल रेघांनी भागत नाही. एका जातीच्या चुका वह्यांतून वेचाव्यात आणि नेमक्या त्याच शब्दजोड्यांचं श्रुतलेखन घ्यावं.