चालतें घर आणि निंबाची सावली

प्रवासाला निघतांना घर बरोबर न्यावें ही हौस महाराष्ट्राला नवी नाहीं. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर संसार घालून शेंकडों कोस फिरत. तुळजापूर-पंढरपूरच्या वाटेनें छपराच्या बैलगाड्या चालत, तेव्हां गाडीखालीं कंदील आणि मागें पाण्याची घागर बांधलेली असे. आषाढींत दिंडीच्या पुढें मुक्कामावर जाणारा ट्रक आजहि राहुट्या, पातेलीं आणि शिधा भरूनच निघतो. या मंडळींत आतां पॉप-अप कॅम्पर नांवाच्या वाहनाची भर पडली आहे. नांव परकें असलें तरी वस्तु समजावयास सोपी आहे. पिक-अप गाडीच्या हौद्यांत एक लहानशी खोली बसवावयाची. तिचें छप्पर वाटेनें मिटलेलें असावें, मुक्कामाला तें वर उचलावें, आणि छप्पर व भिंत यांच्यामधील दोन-अडीच फुटांची जागा जाड कापडाच्या कनातीनें बंद व्हावी. छप्पर मिटल्यामुळें वारा कमी अडतो, गाडीचा तोल राहतो, आणि खेड्याच्या वाटेवर बाभळीच्या फांद्यांखालून ती निघून जाते. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण मान्य केलें, तेव्हां अशा चालत्या घरांना सरकारी कागदांतहि स्थान मिळालें.

अक्कलकोटच्या एखाद्या कुटुंबाचें उदाहरण घ्यावें. गाणगापूर, विजयपूर, पंढरपूर, तुळजापूर अशी पांच रात्रींची फेरी आखली आहे. मुक्काम धर्मशाळेंत नव्हे, तर ओळखीच्या शेतांत, ओढ्याच्या कांठीं, जेथें विजेची तार पोंचलेली नाहीं. बरोबर सत्तरीच्या आजीबाई आहेत आणि त्या रोज इन्सुलिन घेतात. दिवस वैशाखाचे. सोलापूर जिल्ह्यांत या दिवसांत पारा ४३-४४ अंशांवर जातो हें तेथील लहान मूलहि जाणतें. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उघडलेली साधारण चार आठवडे चालते, पण तीहि बहुधा २५ ते ३० अंशांच्या आंत. उन्हांत बंद राहिलेल्या गाडींत हें औषध बिघडतें, आणि वाईट असें कीं, बिघडल्याचें पुष्कळदां नुसत्या पाहण्यानें कळत नाहीं. तेव्हां या घरांतला लहानसा फ्रिज ही चैन नव्हे. वीज प्रथम त्याची, उरेल ती इतरांची.

मग हिशेब मांडावयाचा. बारा व्होल्टवर चालणारा चाळीस लिटरचा फ्रिज चालूं असतांना सुमारें ४५ वॅट घेतो. थंडींत तो थोडाच वेळ चालतो. वैशाखांत दिवसाचा निम्मा वेळ धरणें शहाणपणाचें. बारा तासांचे ५४० वॅट-तास झाले. वीस वॅटचा पंखा दहा तास, म्हणजे २००. पांच वॅटचे तीन दिवे चार तास, ६०. मोबाइलचे ३०. एकूण खर्च ८३० वॅट-तास. जमेच्या बाजूला छपरावरचें २०० वॅटचें सौर पॅनेल. परंतु हा २०० चा आंकडा पॅनेलचें अंग २५ अंशांवर असतांनाचा आहे. वैशाखाच्या दुपारीं तें ६५ अंशांपर्यंत तापतें, आणि दर अंशामागें सुमारें ०.३५ टक्के वीज गमावतें. चाळीस अंशांना १४ टक्के गेले. धूळ, तारा आणि इतर गळती यांत आणखी कांहीं जातें. पांच तासांचें भरपूर ऊन धरलें तरी पदरांत ७०० वॅट-तास पडतात. रोजची तूट १३०. ऊन जितकें कडक तितकी वीज अधिक, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती येथें फसते; कडक ऊन मिळकत कमी करतें आणि फ्रिजचा खर्च मात्र वाढवितें.

ही तूट भरून काढण्याचें साधन गाडींतच असतें. इंजिन चालूं असतांना त्याच्या अल्टरनेटरवरून घराची बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर बसवितात. तो ३० अँपिअरचा असेल तर तासाला पावणेचारशें वॅट-तासांच्या आसपास जमा होते, म्हणजे गांवाहून गांवाला जाण्याच्या अर्ध्या तासांत दिवसाची तूट भागते. मात्र एकाच जागीं दोन-तीन दिवस राहावयाचें तर बॅटरींत तेवढी शिल्लक हवी. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरींत कागदावर १२०० वॅट-तास असतात. शिशाच्या बॅटरींतून त्यांतले निम्मेच काढावेत, नाहीं तर तिचें आयुष्य झपाट्यानें सरतें. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरींतून हजारावर काढतां येतात. पहिली सुमारें तीस किलोंची, दुसरी दहा-तेरा किलोंची. दुसरीची किंमत प्रथम जड वाटते, पण ती टिकते. दोहोंपैकीं कोणतीहि घेतली तरी इंजिनची बॅटरी वेगळी राहिली पाहिजे. रात्रभर पंखा लावून सकाळीं गाडी ढकलीत बसण्याची पाळी येऊं नये.

आतां खरी पंचाईत पुढेंच आहे. वैशाखांत मुक्कामाला पोंचल्यावर कोणीहि गृहिणी गाडी निंबाखालींच लावावयास सांगेल, आणि तिचें म्हणणें बरोबरच आहे, कारण कनातीचें घर उन्हांत भट्टीसारखें तापतें. परंतु गाडी निंबाखालीं गेली कीं छपरावरचें पॅनेल आंधळें झालें. अर्धी सावली, अर्धें ऊन अशी तडजोड तर फारच तोट्याची. पॅनेलमधील घट एकापुढें एक सांखळीसारखे जोडलेले असतात. त्यामुळें एका फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी तेवढ्या कोपऱ्यापुरतेंच नुकसान होत नाहीं, पुष्कळ मोठा भाग निजतो. यावर उपाय असा कीं, छपरावरच्या पॅनेलच्या जोडीला एक सुटें, घडीचें पॅनेल ठेवावें आणि तें दहा मीटर जाड तारेनें निंबापासून दूर उन्हांत मांडावें. तेवढें श्रम करणारें घर सावलींतहि राहतें आणि वीजहि मिळवितें. अक्कलकोटला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत सूर्य दुपारीं जवळजवळ थेट डोक्यावर येतो. म्हणून दुपारीं पॅनेल आडवें, सकाळीं पूर्वेकडे आणि तिसऱ्या प्रहरीं पश्चिमेकडे कलतें करावें. खालून वारा खेळला तर तें थोडें थंडहि राहतें. शेळ्यांवर मात्र लक्ष ठेवावें. त्यांना तार आणि बाभळीची डहाळी यांतला भेद फारसा पटत नाहीं.

वातानुकूलनाची हौस सोडावी हें उत्तम. एक टनाचें यंत्र चालतांना हजार वॅटच्या वर मागतें. एका रात्रीसाठीं असल्या पांच-सहा बॅटऱ्या आणि मग त्या भरावयाला छपराच्या कित्येक पट जागा लागेल. इंडक्शनच्या शेगडीवर अर्धा तास स्वयंपाक केला तर दिवसभराचें ऊन संपतें. वैशाखांतली हवा कोरडी असल्यामुळें वाळ्याचा ओला पडदा आणि त्यामागें लहान पंखा एवढ्यानें दुपार सुसह्य होते. श्रावणांत या पडद्याचा उपयोग नाहीं, पण श्रावणांत त्याची गरजहि कमी.

तारांविषयीं कारागीर पुष्कळदां निष्काळजी असतात. घरांतल्या २३० व्होल्टच्या मानानें १२ व्होल्टवर तितक्याच कामाला सुमारें १९ पट प्रवाह लागतो, म्हणून घरगुती बारीक तार येथें तापते आणि आग लावते. फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असतो, तेव्हां सिलिंडरच्या कप्प्याला तळाशीं झरोका ठेवावा आणि होतां होईल तों शेगडी बाहेरच मांडावी. जनरेटर किंवा उभ्या गाडीचें इंजिन चालूं ठेवून आंत निजणें हें तर जिवाशीं खेळणें आहे. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वजन आणि कायदा यांचा विचार खरेदीपूर्वीं करावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. खोली, साठ लिटर पाणी, बॅटरी, माणसें मिळून गाडीच्या नोंदणीपत्रांत लिहिलेलें वजन ओलांडतां कामा नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ वाहनांतील फेरबदलांवर बंधन घालतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें मूळ नमुन्याविरुद्ध केलेले बदल चालणार नाहींत असें स्पष्ट केलें. म्हणून सुतार-लोहाराकडे जाण्याआधीं सोलापूरच्या परिवहन कार्यालयाची पायरी चढलेली बरी. गाडी धांवत असतांना मागच्या खोलींत कोणींहि बसूं नये, नातवंडांनीं कितीहि हट्ट केला तरी.

वळवाचा पाऊस झाला तर काळ्या रानांत गाडी उतरवूं नये. ती माती चाक असें धरते कीं मग ट्रॅक्टरच शोधावा लागतो. मुरमाची जागा पाहावी आणि शेताच्या मालकाला विचारून थांबावें.

एवढें करूनहि फ्रिज बंद पडूं शकतो. त्यासाठीं दोन मडकीं न्यावींत. मोठ्यांत लहान ठेवून मधल्या जागेंत वाळू भरावी, ती ओली ठेवावी, वर ओलें फडकें टाकावें आणि मडकें सावलींत, वाऱ्याला मांडावें. कोरड्या हवेंत आंतली जागा बाहेरच्यापेक्षां बरीच थंड राहते. जिनीव्हा विद्यापीठ आणि वैद्यकीय मदत करणारी आंतरराष्ट्रीय संस्था यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, २५ ते ३७ अंशांच्या चढउतारांत चार आठवडे राहिलेलें इन्सुलिन कामाचें राहिल्याचें आढळलें. तरी आजीबाईंच्या औषधाबाबत निघण्यापूर्वीं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावें. फ्रिज चालूं असतां कुपी गारव्याच्या पत्र्याला टेकवूं नये, कारण गोठलेलें इन्सुलिनहि वायां जातें. आंत एक साधा थर्मामीटर ठेवावा आणि निजतांना व पहाटे असा दोनदां पाहावा.