गंडमची कथा कोठून पाहावी?

एखादा मोठा ग्रंथ हातीं घेतला म्हणजे त्याचें पहिलें पान शोधावें लागत नाहीं. तें बांधणाऱ्यानें आधींच ठरवून ठेवलेलें असतें. परंतु रेखाचित्रांच्या ज्या बोलपटांना व मालिकांना जपानी लोक ॲनिमे म्हणतात, त्यांतील ‘मोबाइल सूट गंडम’ ह्या अफाट कथेच्या दाराशीं जो प्रेक्षक आज येऊन उभा राहतो, त्याला पहिलें पान सांपडतच नाहीं. १९७९ सालीं हिचा आरंभ झाला आणि २०२५ सालींहि तिच्यांत नवी भर पडली. मधल्या काळांत मालिका, चित्रपट आणि सुटे भाग इतके निघाले कीं नवखा मनुष्य गोंधळून जावा. एक मित्र सांगतो, जुन्यापासून सुरुवात कर. दुसरा सांगतो, कथेंतील सनावळी लाव आणि त्या क्रमानें पाहा. तिसरा म्हणतो, हातीं लागेल तें पाहा, सर्व सारखेंच. हा वाद पोरकट वाटेल, पण तसा तो नाहीं. रहस्य प्रथम कळण्याचा क्षण आयुष्यांत एकदांच येतो, आणि चुकीच्या क्रमानें पाहणारा तो कायमचा गमावतो.

कथेची पार्श्वभूमि थोडक्यांत अशी. मनुष्यजात अंतराळांत तरंगत्या वसाहती करून राहूं लागली, तेव्हांपासून ‘युनिव्हर्सल सेंचुरी’ नांवाचा नवा शक सुरू झाला. त्या शकाच्या ००७९ ह्या वर्षीं झिऑन नांवाची एक वसाहत पृथ्वीच्या संघराज्यापासून स्वतंत्र होण्यासाठीं युद्ध पुकारते, आणि त्या युद्धाच्या आरंभींच निम्मी मनुष्यजात नाहींशी होते. अमुरो रे नांवाचा पंधरा वर्षांचा मुलगा केवळ योगायोगानें गंडम ह्या अठरा मीटर उंचीच्या युद्धयंत्रांत जाऊन बसतो. त्याच्यासमोर उभा राहतो तो शार अझ्नाबल, मुखवटा घातलेला, लाल यंत्र चालविणारा झिऑनचा योद्धा. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो ह्यांनीं लहान मुलांच्या खेळण्यांच्या जाहिरातीसाठीं मागितलेल्या गोष्टींत युद्धाची खरी किंमत दाखविली. शत्रुपक्षांतहि माणसेंच असतात हें दाखविलें. प्रेक्षक कमी मिळाले आणि ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांवर आटोपती घ्यावी लागली. पुढें पुनःप्रक्षेपण झालें, १९८० मध्यें बांदाई कंपनीनें त्या यंत्रांचे प्लॅस्टिकचे जुळवावयाचे नमुने बाजारांत आणले, आणि मग मात्र सारा देश त्यावर लुब्ध झाला.

आतां सनावळीचा पक्ष पाहूं. घडलेल्या गोष्टी घडलेल्या क्रमानें पाहाव्या, हें वरवर पाहतां अगदीं सयुक्तिक दिसतें. परंतु त्या नियमानें चालणाऱ्यास प्रथम ‘दि ओरिजिन’ पाहावें लागेल. पहिल्या मालिकेंतील पात्रांच्या आकृति ज्यांनीं रेखाटल्या त्या योशिकाझु यासुहिको ह्यांच्या चित्रकथेवरून निघालेले हे सहा भाग २०१५ ते २०१८ ह्या काळांत आले, आणि ते शक ००६८ पासून सुरू होतात. त्यांत शारचें बालपण आहे. काम सुंदर आहे, चित्रण नव्या काळाचें आहे, आणि म्हणूनच मोह अधिक पडतो. पण मुखवट्याआड कोण आहे, तो कोणाचा सूड घेऊं पाहतो, हें १९७९ च्या मालिकेनें कांहीं भागांगणिक, थेंबाथेंबानें उघड केलें आहे. ‘दि ओरिजिन’ तें सारें एकदम पुढ्यांत ठेवतें. जो तेथून आरंभ करील, त्याला पुढें मुखवटा हा केवळ पोशाखाचा एक भाग वाटेल. मागाहून रचलेली पूर्वकथा ही ज्यांना उत्तरकथा ठाऊक आहे त्यांच्यासाठींच रचलेली असते. तिचा कर्ता श्रोत्याच्या स्मरणावर भिस्त ठेवून लिहितो.

आपल्याकडे हें नवीन नाहीं. महाभारताच्या कथेचा आरंभ शंतनूपासून होत नाहीं. नैमिषारण्यांत जमलेल्या ऋषींना सौति गोष्ट सांगूं लागतो, तींत जनमेजयाचें सर्पसत्र येतें, आणि त्या सत्रांत वैशंपायनानें सांगितलेली कुरुकुलाची कथा मग उलगडूं लागते. व्यासांचा क्रम बदलून सनावळीनें महाभारत वाचावें, असा सल्ला कोणी देत नाहीं. जपानांतच ह्याच्या कसोटीचा एक गमतीचा दाखला आहे. ‘हारुही सुझुमिया’ ही शाळकरी मुलांची मालिका २००६ सालीं चौदा भागांनीं प्रक्षेपित झाली, ती जाणूनबुजून क्रम उलटसुलट करून, त्यामुळें कथेंतील मोठा प्रसंग बरोबर शेवटीं आला. २००९ सालीं आणखी चौदा भागांची भर घालून तीच मालिका कालक्रमानें दाखविण्यांत आली, तेव्हां तो प्रसंग आरंभाजवळ जाऊन पडला, आणि पुढचें पुष्कळसें उतार वाटूं लागलें. (त्याच वेळीं जवळजवळ एकाच पंधरवड्याची गोष्ट सलग आठ भागांत आठ वेळां सांगून कर्त्यांनीं प्रेक्षकांच्या सहनशीलतेची परीक्षा घेतली, ती गोष्ट वेगळी.)

तेव्हां निघालेल्या क्रमानेंच पाहावें, हा सरळ मार्ग. मात्र त्याला वेळेची अडचण आहे. पहिल्या मालिकेचे ४३, १९८५ च्या ‘झेटा’चे ५० व १९८६ च्या ‘डबल झेटा’चे ४७, असे १४० भाग होतात. दर भाग सुमारें २४ मिनिटांचा धरला तर ५६ तास. रोज दोन भाग पाहणाऱ्या कुटुंबास सत्तर दिवस लागतील. नोकरीधंद्याच्या माणसानें काय करावें? पहिल्या मालिकेपुरता उपाय आहे. तिच्यावरून तोमिनो ह्यांनींच १९८१ व १९८२ ह्या सालीं तीन चित्रपट जुळविले; त्यांत कांहीं दुबळे भाग गाळले आणि तिसऱ्यांत पुष्कळ चित्रण नव्यानें केलें. ह्या तीन चित्रपटांनीं आरंभ करण्यांत कमीपणा नाहीं. जुन्या रेषा थरथरतात, रंग फिके आहेत. दोन संध्याकाळ धीर धरला कीं डोळे सरावतात. गाळलेल्यांपैकीं एक भाग, मालिकेंतील पंधरावा, चित्रणाच्या बाबतींत बदनामच होता. एका बेटावर अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या पळपुट्या शिपायाची ती गोष्ट. यासुहिको ह्यांनीं २०२२ सालीं तिच्यावर स्वतंत्र चित्रपट काढला. त्रेचाळीस वर्षांनीं जुन्या वहींतील चुकलेलें गणित पुन्हां सोडवावयास बसलेल्या माणसासारखें तें वाटतें.

‘झेटा’च्या बाबतींत मात्र हा उपाय लागू पडत नाहीं. तिच्यावरूनहि २००५ व २००६ मध्यें तीन चित्रपट निघाले, पण त्यांचा शेवट वेगळा केलेला आहे, आणि ‘डबल झेटा’ ही मूळ मालिकेच्या शेवटापासून पुढें जाते. तेव्हां ‘झेटा’ पन्नासहि भागांनीं पाहावी. तींत एक ओळखीचा मनुष्य नवें नांव घेऊन येतो. तो कोण हें ज्यानें पहिली कथा पाहिली आहे त्याला क्षणांत कळतें, आणि हा आनंद दुसऱ्या कोणत्याहि क्रमांत मिळत नाहीं. ‘डबल झेटा’चा पूर्वार्ध थट्टामस्करीचा आहे, ज्यास तो रुचणार नाहीं त्यानें ती पुढें ढकलून १९८८ चा ‘शार्स काउंटरअटॅक’ हा चित्रपट आधीं पाहिला तरी चालेल. अमुरो व शार ह्यांच्या वैराची अखेर तेथें आहे. मात्र २०१० ते २०१४ मध्यें निघालेल्या ‘युनिकॉर्न’च्या आधीं ती पाहून घ्यावी, कारण ‘युनिकॉर्न’ हें सर्व मागील देणेंघेणें गृहीत धरतें.

एका कृतीस ह्या नियमांतून सूट द्यावी. १९८९ मधील ‘वॉर इन दि पॉकेट’ ही सहा भागांची कथा. तोमिनो ह्यांच्याऐवजीं दुसऱ्याच्या, फुमिहिको ताकायामा ह्यांच्या, दिग्दर्शनाखालीं निघालेली ही पहिली गंडम. तटस्थ वसाहतींत राहणारा अल नांवाचा लहान मुलगा युद्धाला मोठी मौज समजतो; वर्गांतल्या मुलांसारखीच त्यालाहि यंत्रांची नांवें पाठ आहेत. नाताळच्या सुमारास शत्रुपक्षाचा एक तरुण शिपाई त्याच्या ओळखीचा होतो. पुढें काय होतें तें सांगणें योग्य नव्हे. तीच ती खेळण्यांची हौस, जिच्यावर ही सारी कथा उभी राहिली, आणि त्याच हौशी मुलाला ती शेवटीं कोठें नेऊन सोडते! घरांतील ज्या मंडळींस यंत्रांच्या लढायांचा कंटाळा आहे, त्यांना आधीं हे सहा भाग दाखवावे. आवडलें तर ४३ भागांकडे वळावें. न आवडलें तर अडीच तासांपेक्षां अधिक कांहीं गेलें नाहीं.

‘गंडम विंग’, ‘सीड’, ‘दि विच फ्रॉम मर्क्युरी’ अशा कित्येक मालिकांचा शक निराळा, जग निराळें. केवळ नांव आणि यंत्राचा आकार समान. त्या केव्हांहि पाहाव्या. अमेरिकेंतील पुष्कळ प्रेक्षकांनीं २००० सालीं ‘विंग’नेंच आरंभ केला, आणि त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं.

परंतु २०२५ मध्यें आलेल्या ‘जीक्वाक्स’विषयीं सावध राहिलें पाहिजे. बारा भागांची ही सर्वांत नवी मालिका, म्हणून तरुण मंडळी तिच्यापासून सुरुवात करूं पाहतात. तिचा आधार मात्र सर्वांत जुन्या मालिकेवर आहे: ००७९ च्या युद्धांत झिऑन जिंकला असता, आणि ती पांढरी यंत्रदेहधारी गंडम अमुरोच्याऐवजीं शारच्याच हातीं लागली असती, तर काय झालें असतें? ज्याला मूळ हार-जीत ठाऊक नाहीं त्याला हा पालट दिसणारच नाहीं. त्यानें बारा भाग बाजूस ठेवावे, १९८१ चा पहिला चित्रपट लावावा, आणि तिन्ही संपल्यावर मग शारला त्या पांढऱ्या यंत्रांत चढतांना पाहावें.