फाशी आणि न्यायालयाची चूक

एखादा निर्घृण खून झाला की ‘फाशी द्या’ ही मागणी होते. त्यामागची चीड खरी असते, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. माझा आक्षेप शिक्षा ठरवणाऱ्या यंत्रणेबद्दल आहे. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडेखोरांनी हल्ला केला. पाच जणांचे खून झाले, बलात्कारही झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा गरीब लोक पकडले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांना जन्मठेपेवर आणले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच फर्मावली. मग ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले! हल्ल्यातून वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळीच माणसे ओळखली होती. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सहा जणांची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली. भरपाई माणशी पाच लाख रुपये.

‘पण चूक सापडलीच ना?’ असे कुणी म्हणेल. सापडली, पण कशी ते पाहा. फाशीच्या प्रकरणात फेरविचार अर्जावर खुल्या न्यायालयात तोंडी युक्तिवाद ऐकलाच पाहिजे, हा दंडक २०१४ सालचा आहे. तोवर असे अर्ज बहुधा न्यायमूर्तींच्या दालनातच निकालात निघत. या प्रकरणाची फेरसुनावणी त्या बदलानंतर झाली. शिक्षा आधीच अमलात आली असती तर निर्दोष ठरायला कुणी उरलेच नसते. शिवाय त्या कुटुंबाला तरी काय मिळाले? खरे गुन्हेगार मोकळेच राहिले.

निदान दहशतवाद्यांना तरी फाशी हवी, असे अनेकांना वाटते. विधी आयोगानेही २०१५ साली हा अपवाद ठेवून फाशी रद्द करण्याची शिफारस केली. मला तो अपवादही मान्य नाही, कारण लोकक्षोभाचा दबाव तिथेच सर्वांत जास्त असतो. अक्षरधाम मंदिरावरील हल्ल्याच्या खटल्यात दोषी ठरलेले सहाही जण सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्दोष सोडले. त्यांतल्या तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली होती. राहिला प्रश्न समाजाच्या रक्षणाचा; त्यासाठी सूट न मिळणारी दीर्घ जन्मठेप देण्याचा अधिकार आपल्या वरिष्ठ न्यायालयांना आज आहेच. तेव्हा संसदेने फाशी कायद्यातून काढून टाकावी, आणि आपल्या खासदारांकडे आपण ही मागणी करावी, अशी माझी तुम्हाला विनंती आहे.