पहिली सिंगल-स्पीड: गिअर नाहीत, मग बघायचं काय?

आजचा विषय सिंगल-स्पीड आणि फिक्सी. कॉलेजला, ऑफिसला जायला सायकल घ्यायची आहे, गिअरची कटकट नको, दिसायला सडपातळ हवी, असं म्हणणारे बरेच जण या सायकलींकडे वळतात. चांगलंच आहे. पण घेण्याआधी एक गोंधळ मिटवूया, कारण दुकानात हे दोन्ही शब्द सर्रास एकाच सायकलला लावतात.

सिंगल-स्पीड म्हणजे एकच गिअर. आजोबांची काळी, उंच सायकलसुद्धा सिंगल-स्पीडच. पाय थांबवले तरी ती पुढे जात राहते, टिकटिक आवाज येतो, कारण मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. फिक्सीमध्ये फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय म्हणजे पायडल फिरणारच. उतारावर, वळणावर, स्पीडब्रेकरवर, कुठेही पाय थांबवता येत नाहीत. ही मुळात वेलोड्रोमची सायकल. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये आहे तसा, कडेला उचललेला लाकडी ट्रॅक. तिथे ब्रेक नसतात, कारण समोरून रिक्षा येत नाही. आपल्याकडे येते. आणि चुकीच्या बाजूने येते.

म्हणून माझं मत आधीच सांगतो: पहिली सायकल फ्रीव्हीलची घ्या, आणि दोन्ही ब्रेक असलेली घ्या. फिक्सीची हौस असेल तर फ्लिप-फ्लॉप हब बघा. त्यात मागच्या चाकाच्या एका बाजूला फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला फिक्स दातेरी चक्र बसतं. चाक काढून उलटं लावलं की सायकल बदलली. दोन-तीन महिने फ्रीव्हीलवर काढा, मग एखाद्या रविवारी मोकळ्या मैदानात चाक उलटवून बघा. फिक्स करूनही पुढचा ब्रेक काढायचा नाही. पायांनी चाक रोखता येतं हे खरं, पण अचानक थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो, आणि खरी पकड तिथेच असते. पायडलवर पाय बांधायला पट्टेही लागतील, नाहीतर जोरात फिरणारं पायडल निसटून नडगीवर बसतं.

आता दात मोजा. हो, दुकानात उभं राहून. पुढच्या चेनव्हीलचे दात भागिले मागचे दात. ४४ आणि १६ असतील तर २.७५. म्हणजे पायडलची एक फेरी झाली की मागचं चाक पावणेतीन वेळा फिरतं. ७०० सीचं चाक आणि २८ मिलिमीटरचा टायर असेल तर घेर साधारण २.१३ मीटर, एका फेरीत सायकल जवळजवळ ५.९ मीटर पुढे जाते. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी २८ किलोमीटर. सपाट रस्त्यावर मस्त. पण कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ लागला आणि वेग ताशी ८ वर आला, की मिनिटाला जेमतेम २३ फेऱ्या. म्हणजे एकेका फेरीला गुडघ्यांवर जोर. आणि तोच उतार फिक्सीवर ताशी ४० ने उतरलात तर पाय मिनिटाला ११४ फेऱ्या मारणार, तुम्हाला हवं असो वा नसो.

रोजच्या वाटेवर चढ असेल तर मागे १८ दातांचं घ्या. ४४ ला १८ म्हणजे ८० फेऱ्यांत ताशी २५. गर्दीच्या शहरात त्याहून जास्त वेग तसाही मिळत नाही. मागचं फ्रीव्हील बदलणं हा फार मोठा खर्च नाही, त्यामुळे सायकल आवडली असेल तर दातांपायी सोडू नका.

जुन्या स्टीलच्या फ्रेमची फिक्सी करून घेणारे, नीट ऐका. काही ठिकाणी फ्रीव्हील वेल्ड करून 'झाली फिक्सी' म्हणून देतात. हे घेऊ नका. पुढे पायडल मारताना ते आट्यांवर घट्ट होत जातं, पण थांबण्यासाठी पाय मागे दाबलात की तेच फ्रीव्हील आट्यांवरून सैल होऊन सुटू शकतं. म्हणजे नेमकं थांबायचं असतं तेव्हाच. खऱ्या फिक्स हबला दातेरी चक्राबाहेर उलट्या आट्यांची लॉकरिंग असते, ती चक्राला सुटू देत नाही. ती दिसली नाही तर सौदा नको.

फ्रेमची मागची खाचही बघा. एक्सल पुढे-मागे सरकवता येईल अशी आडवी खाच हवी, कारण चेन ताणायला गिअरच्या सायकलसारखी स्प्रिंग इथे नसते. खाच उभी असेल तर चेन कायम ढिली राहील आणि पडेल.

माप. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, पायांमध्ये एक जाड पुस्तक वर घट्ट दाबा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ७८ सेंटिमीटर आले तर साधारण ६९: क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. इथून सुरुवात करा, मग थोडं वर-खाली. टाच पायडलवर ठेवून पाय सर्वांत खाली नेला की गुडघा सरळ व्हायला हवा. चवडा ठेवला की किंचित वाकलेला. सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकायलाच हवेत, हा आग्रह सोडा. सायकलच्या दांडीवर दोन्ही पाय टाकून उभं राहिल्यावर दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहिले म्हणजे झालं. हात ताठ होऊन खांदे कानाला लागत असतील तर फ्रेम लांब आहे. सीट पुढे ओढून ते दुरुस्त करू नका, गुडघ्यांचं गणित बिघडतं.

घरी आणल्यावर चेन तपासा. क्रँक हळू फिरवत जा, चेन कुठे सर्वांत घट्ट होते ते शोधा. तिथे मधोमध बोटाने दाबल्यावर वर-खाली मिळून साधारण एक सेंटिमीटर हलायला हवी. अगदी ताठ असेल तर बेअरिंग लवकर जातात, लोंबत असेल तर पडते. फिक्सीवर चेन पडणं म्हणजे मागचं चाक जाम होण्याची शक्यता. दोन्ही नट थोडे ढिले करा, चाक मागे ओढा, उजवा थोडा आवळा, चाक फ्रेमच्या मधोमध आहे का बघा, मग डावा, मग पुन्हा उजवा. पाना साधारण १५ नंबरचा लागतो. एक बॅगेत ठेवाच, पंक्चर झालं तर चाक त्याशिवाय निघणार नाही.

आणि फिक्सीची चेन फिरत्या चाकावर फडक्याने पुसायची नाही. साध्या सायकलचं पायडल अडकलं की फ्रीव्हीलमुळे चेन थांबते. इथे फडकं ओढलं गेलं की त्यामागे बोट जातं, आणि चाक थांबत नाही. चाक स्थिर ठेवा, एक वीतभर पुसा, थोडं सरकवा, पुन्हा पुसा. बुटांची नाडी, ओढणी, पँटची मोहरी यांनाही हेच लागू. उजव्या पायाला रबर बँड लावा.

पुढच्या भागात पावसाळ्यातले ब्रेक आणि टायर. तोवर तुमच्या सायकलचे पुढचे-मागचे दात मोजून मला कळवा, वेगाचा हिशोब आपण मिळून करू.