माळढोक काही दिसला नाही
(सोसायटीच्या कोजागिरी कार्यक्रमातील भाषण)

मंडळी, जानेवारीत आम्ही पाचजण सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर गेलो. माळढोक दिसला नाही, आधीच सांगून टाकतो. पण धाविकांची जोडी तुरुतुरु पळताना पाहिली, आणि संध्याकाळी भोवत्या पक्षी आले. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियातून येतात आणि रात्री चक्क जमिनीवर, गवतात झोपतात! माळढोकाची मादीही उघड्या जमिनीवरच अंडं घालते, तेही बहुधा एकच. गवत गेलं की यांनी जायचं कुठं?

मागच्या पावसाळ्यात आपण गावाबाहेरच्या ‘ओसाड’ माळावर रोपं लावली. फोटोत हसत उभा आहे तो मीच. पुढच्या वर्षीचे खड्डे मी खणतो, पण शाळेच्या आवारात. माळ तेवढा सोडा.